वाटणीतला तिसरा माणूस

आमचे सर कुठलीही गोष्ट सरळ समोरून बघत नसत. जेवायला बसले की आधी मान वाकडी करून वरणावरचा तेलाचा तवंग न्याहाळायचे. अमरावतीच्या राजापेठेत रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोल सांडून रंग पसरलेले दिसले की स्कूटर भर रहदारीत उभी. मागून हॉर्न, ऑटोवाल्यांच्या शिव्या, आणि हे गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेले. "पाह्य बे, पाह्य. इकडून निळं दिसते, इकडून हिरवं. तेल तेच." मागच्या सीटवरून उतरलेला मी रस्त्याच्या कडेला सरकून, ह्या गृहस्थांशी आपला काही संबंध नाही असा चेहरा करायचो.

मी वरूडकडचा, संत्र्याच्या बागेतला. पीएच.डी.साठी अमरावतीला आलो तेव्हा संशोधन म्हणजे पांढरा कोट, गारेगार खोली आणि हळू आवाजात इंग्रजी बोलणारी माणसं, अशी माझी समजूत होती. सरांनी ती पहिल्याच दिवशी मोडीत काढली. एप्रिलची टळटळीत दुपार होती. लॅबच्या खिडकीत पत्र्याचा भलामोठा कूलर घरघरत होता आणि त्याची हवा कानात जाऊ नये म्हणून सर डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसले होते. पुढ्यात चिवड्याचा डबा. मला वाटलं, कोणी तरी काम घेऊन आलेले पाहुणे असतील. मी त्यांनाच विचारलं, "सर कुठे भेटतील?"

"कावून?" ते म्हणाले. "उसने पैसे देल्ले हायेत काय त्यायले?"

असे आमचे गुरू.

काम काय होतं ते त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण त्याहून सोपं मला आजही सांगता येत नाही. दोन प्रकारचं प्लॅस्टिक घ्यायचं. एक थर्माकोलच्या जातीचं, दुसरं ॲक्रिलिकच्या. दोन्ही एकाच सॉल्व्हंटमध्ये विरघळवायची, काचेच्या पट्टीवर थेंब टाकायचा आणि पट्टी गरगर फिरवायची. सॉल्व्हंट उडून जातं आणि काचेवर केसाहूनही कितीतरी पातळ असा पापुद्रा राहतो. सर म्हणायचे, "दोन भाऊ एका घरात नांदून राहिले. माय हाय तवरोक सारं गोडीगुलाबीचं. माय गेली का वाटणी. हा इकडं, तो तिकडं, मधात धुरा. माय म्हणजे आपलं सॉल्व्हंट. आन ते धुरे कसे पडते, त्याचंच आपलं संशोधन."

हे धुरे, म्हणजे शेतात असतात तसे बांध, इतके बारीक की सूक्ष्मदर्शकाखालीच दिसायचे. पण ते नीट रांगेत पडले, मधमाशीच्या पोळ्यासारखे खळगे तयार झाले, की त्या काचेचं वागणंच बदलायचं. तिच्यावर पडलेला उजेड डोळ्यांवर चमकत यायचा नाही. तिरपी धरली तर तिच्यात रंग उठायचे. टीव्हीची, घड्याळाची काच उन्हातही दिसावी, दिव्यातून जास्त उजेड बाहेर पडावा, अशा कामांसाठी जगभर लोक ह्या फिल्मच्या मागे होते. त्यांच्याकडे लाखमोलाची यंत्रं होती. आमच्याकडे मिक्सरची मोटर आणि तिला जोडलेला पंख्याचा रेग्युलेटर. मोटर सरांनी घरच्या मिक्सरमधून काढली होती. सरांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या बाईंनी, कित्येक महिने चटणी पाट्यावर वाटली, आणि ती वाटताना काय काय बोलल्या असतील ते मला विचारू नका.

फिल्म बिघडली तर सर "फेल" हा शब्द वापरू देत नसत. "रुसला" म्हणायचं. फिल्मला ते पुल्लिंगी का मानत, हे मला कधीच कळलं नाही. आणि नीट उतरली तर फक्त "आला." त्यांच्या तोंडून "आला" ऐकण्यासाठी मी आणि नाझिया वाट्टेल ते करायला तयार असायचो. नाझिया माझ्याबरोबरच पीएच.डी. करत होती. अकोल्यात तिच्या अब्बांचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे काच कशी पुसावी हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. तिने पुसलेल्या काचेवर माझं बोट लागलं तर ती माझ्याकडे अशी बघायची की मी जणू तिच्या ईदच्या शीरखुर्म्यात मीठ टाकलंय.

सरही मूळचे अकोल्याचे. दर शनिवारी बाईंना घेऊन आईला भेटायला अकोल्याला जायचे. अकोल्याचा त्यांना अभिमान कशाचा, तर उन्हाचा. मे महिन्यात सकाळी पेपर उघडला की आधी तापमानाचा रकाना. अकोला राज्यात पहिला असला की स्वारी खूश. "आज बी आपूनच पहिले!" जणू ऊन त्यांनीच पाडलंय. अमरावती पुढे गेली त्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे कुठलीही सही मागायला जात नसू.

ह्या अभिमानापायीच पुढे सगळं घडलं, पण ते थोडं थांबून सांगतो.

ती वर्षं वऱ्हाडासाठी फार वाईट होती. पेपरात, टीव्हीवर आमच्या भागाचं नाव यायचं ते एकाच कारणासाठी. बाहेरून आलेल्या माणसाला "अमरावतीचा" असं सांगितलं की तो लगेच आवाज खाली आणायचा, कोणी तरी गेल्यावर आणतात तसा. मला त्याचा भयंकर राग यायचा. आमच्या बागेतलं पाणी खोल गेलं, झाडं उभ्या उभ्या वाळायला लागली, त्या साली माझे बाबा काही कामासाठी अमरावतीला आले आणि लॅबमध्ये डोकावले. त्यांनी मिक्सरची मोटर बघितली, काचा बघितल्या आणि सरळ सरांनाच विचारलं, "सर, राग नका मानू. इकडं झाडं वाळून राहिले, मानसं मरून राहिले, आन तुमी काचीवर रंग काढून राहिले. याचा काय उपयोग हाय आमाले?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. नाझिया उगाचच एक बाटली हलवत बसली.

सरांनी डोक्यावरचा दुपट्टा सोडला, बाबांना खुर्ची दिली. म्हणाले, "भाऊ, तुमचं बरोबर हाय. याच्यानं तुमचं एक बी झाड वाचनार नाई. वाचते असं म्या सांगतलं तं ते खोटं होईन." मग म्हणाले, "पन मले एक सांगा. वऱ्हाडातल्या पोरायनं काय फक्त आपल्या दुःखावरच लिहाव? जगात उजेडावर काम चालू हाय. त्याच्यात आपलं पोट्टं कावून नसाव?"

सरांनी एक काच पुढे केली, ती बाबा बराच वेळ हातात घेऊन बसले. आधी सरळ, मग तिरपी. जाताना मला दारात म्हणाले, "मानूस खरं बोलते. त्यायच्याकडंच राह्य." वाळलेल्या बागेच्या मालकाने हे म्हणावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्याच सुमारास आमची फिल्म नीट यायला लागली होती. मे महिन्यात आली, पुढे ऑगस्टमध्येही तशीच आली. सरांनी पेपर लिहिला आणि परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकाने तो लगोलग छापला. त्यात सरांचं एक लाडकं वाक्य होतं. असे खळगे कधी कधी हवेतल्या ओलाव्यामुळे पडतात, पण आमच्या फिल्मवर ओलाव्याचा काही परिणाम नाही, कारण ती पावसाळ्यातही येते आणि मध्य भारतातल्या अत्यंत कोरड्या उन्हाळ्यातही येते. आम्हाला तो मुद्दा बिनतोड वाटला. "अकोल्याच्या मे महिन्यात मानसाच्या डोळ्यात पानी राहत नाई," सर म्हणायचे, "फिल्ममंदी कुठून येईन?"

दिवाळीनंतर पुण्याहून फोन आला. तिथल्या एका मोठ्या संस्थेतल्या मॅडम होत्या. आवाज गोड, भाषा स्वच्छ. "सर, आपला पेपर आम्ही अगदी शब्दशः फॉलो केला. पण आमच्याकडे काही येत नाहीये हो. कुठलाच पॅटर्न नाही. आपली हरकत नसेल तर आम्ही डिसेंबरमध्ये येऊन प्रत्यक्ष बघू का?" आणि अगदी नम्रपणे पुढे म्हणाल्या, की तिथेही आलं नाही तर त्यांना तसं नियतकालिकाला कळवावं लागेल.

"या ना," सर म्हणाले. "संत्र्याचा हंगाम हाय."

फोन ठेवून आम्ही फिल्म करायला घेतली. रुसला. पुन्हा केली. रुसला. काच नुसती काच, कोरी करकरीत. नाझियाने काचा पुन्हा धुतल्या, मी सॉल्व्हंटची नवी बाटली फोडली, सरांनी मोटर खोलून परत जोडली. काही नाही. मॅडमच्या येण्याचा दिवस जवळ येत चालला आणि विभागात कुजबूज सुरू झाली. उन्हाळ्यात येत होती, आता येत नाही, म्हणजे मुळात आली तरी होती का? चहाच्या टपरीवर कोणी तरी माझ्यादेखत म्हणालं, "फोटो कुठूनही आणता येते बावा." मी त्याच्या अंगावर जाणार होतो. नाझियाने बाही धरली. तिचा आणि माझा दोघांचाही प्रबंध त्या एका फिल्मवर उभा होता, पण खरं सांगतो, तेव्हा प्रबंधाची फिकीर नव्हती. जो माणूस माझ्या बापाशी खोटं बोलला नाही, त्याला लोक खोटारडा ठरवणार होते.

सर मात्र दुपारी चारला चिवडा खायचे ते खायचेच. ह्या चिवड्याची एक कथा होती. बाईंच्या हातचा चिवडा उन्हाळाभर लॅबमध्ये सादळलेला असायचा आणि सर दर वेळी कुरकुरायचे, "आमच्या घरची पोहे भाजतच नाई. नुसते कढईले दाखवते." त्या दिवशी त्यांनी बोकाणा भरला आणि चावता चावता थांबले. पुन्हा एक घास घेतला. शांत लॅबमध्ये तो कुरुम कुरुम आवाज आम्हाला ऐकू येत होता.

"नाझिया बेटा, हा चिवडा कवाचा हाय?"

"दिवाळीचाच हाय सर. डब्बा तर रोज उघडाच राहते."

"मंग हा कुरकुरीत कावून हाय?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मला वाटलं, काळजीने सरांचं डोकं फिरलं. ते उठले आणि खिडकीपाशी गेले. खिडकी रिकामी होती. दसऱ्याच्या आसपास कूलर काढून गच्चीवर नेऊन ठेवतात, तसा तो नेलेला होता.

सर मागे वळले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "कूलर," ते म्हणाले. "बे, मे महिना बाहेर कोरडा होता. आत कुठं कोरडा होता? आत आपून दिवसभर ओली हवा मारून राहिलो होतो."

त्या क्षणी सगळं लख्ख झालं. सॉल्व्हंट उडताना काच गारठते. हवेत ओल असेल तर तिच्यावर दवासारखे बारीक थेंब बसतात, रांगेत लागतात, आणि ते सुकून गेले की तिथे खळगे राहतात. पावसाळ्यात ओल आभाळातून आली, उन्हाळ्यात कूलरमधून. आणि वऱ्हाडी माणसाला कूलर हे यंत्र वाटतच नाही. घराला दार असतं तसा उन्हाळ्याला कूलर असतो. आम्ही पेपरात मोटरचे फेरे लिहिले, काचेची जाडी लिहिली, सॉल्व्हंट कुठलं ते लिहिलं. कूलर लिहायचं तिघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

"वाटणीत तिसरा मानूस होता," सर खुर्चीत बसत म्हणाले. "दोघा भावायच्या मधात बसून तोच धुरे पाडून राहिला होता. आन आपून लिहून देल्लं का तिसरा कोनी नोताच."

मग त्यांनी फोन उचलला. मला वाटलं, पुण्याला लावतायत. त्यांनी लावला घरी. "ऐकतेस काय? तुह्या चिवड्याचं काही चुकलं नोतं. उन्हाळाभर म्या उगाच बोललो तुले." पलीकडून काय उत्तर आलं ते कळलं नाही, पण सरांनी फोन कानापासून बराच लांब धरला होता.

कूलर आम्ही तिघांनी गच्चीवरून उतरवला. आत कबुतरांनी संसार मांडलेला. पाणी झिरपायला लावायच्या वाळ्याच्या ताट्या पार कुजल्या होत्या. नव्या आणायला सर राजापेठेत गेले तर दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. "सर, डिसेंबरात? तब्येत बरी हाय ना?" सर म्हणाले, "मले गारवा नाई पायजे, ओल पायजे." त्याने घाबरून माळ्यावरच्या शिल्लक ताट्या काढून दिल्या. त्या संध्याकाळी खिडक्या लावून, स्वेटर घालून, कूलर चालू करून आम्ही फिल्म केली. नाझियाने काच दिव्याखाली तिरपी धरली आणि तिच्यात मोरपंखी रंग सरकला.

"आला," सर म्हणाले. पण नेहमीसारखे नाही, अगदी हळू.

विभागप्रमुखांना कळलं तेव्हा त्यांनी सरांना बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, विभागाच्या नावाची काळजी होती. म्हणाले, "मॅडम यायच्या आधी तासभर कूलर चालवून ठेवा आणि काढून घ्या. फिल्म दाखवा, विषय संपवा. पेपर आहे तसा राहील." खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. फिल्म तर खरीच होती ना!

सर म्हणाले, "त्या बाई पुण्याहून आपली फिल्म पाहाले नाई येऊन राहिल्या, आपून खरं बोलतो का नाई ते पाहाले येऊन राहिल्या."

मॅडम आल्या. सोबत त्यांचा एक सहकारी. सरांनी आधी संत्री खायला घातली आणि मग कूलर बंद ठेवून त्यांच्यासमोर फिल्म केली. अर्थातच कोरी. मॅडमनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा पडला. मला वाटतं, त्यांना मनापासून वाईट वाटलं. "सर, आमच्याकडेही नेमकं हेच..." त्या म्हणायला लागल्या.

"हाव. हा रुसलेला हाय," सर म्हणाले. "याले रुसवला म्या. पेपरात चूक केली. आता बसा, अन् आंगावर काही घ्या."

आणि त्यांनी कूलरचं बटण दाबलं. भर डिसेंबरात ती गार, वाळ्याच्या वासाची हवा अंगावर आली. मॅडमनी पदर खांद्यावरून ओढून घेतला, सहकाऱ्याने हात काखेत घातले. सरांनी थेंब टाकला, काच फिरवली आणि मॅडमच्या हातात दिली. मॅडम हुशार, त्यांनी ती आपोआपच तिरपी केली. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो किती तरी वेळ काढलाच नाही. डोकं वर केलं तेव्हा त्या हसत होत्या. "किती सुंदर रांगा आहेत हो."

चहा घेताना त्यांनीच दुरुस्तीचा मसुदा सुचवला. "नियंत्रित आर्द्रतेत" एवढे दोनच शब्द घालायचे, बाकी पेपर तसाच. कोणाचं नाव खराब होणार नाही.

"तसं नाई जमनार मॅडम," सर म्हणाले. "नियंत्रन म्या कुठं केलं? कूलरनं केलं, तेही मले न इचारता. आमचं ते उन्हाळ्याचं वाक्य चूक हाय असं पहिले लिहाव लागन. मंग कूलर होता असं लिहाव लागन. पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यायचा, खिडकीतला."

"सर, लोक हसतील," मॅडम कळवळून म्हणाल्या.

"हसतीन तं हसू द्या. हसून झाल्यावर करून तं पाहतीन? अन् कूलर लावून केलं तं येईन. मले तेवढंच पायजे."

दुरुस्ती तशीच छापून आली, कूलरसकट. आणि लोक हसले. परिषदांमध्ये आम्हाला "कूलरवाले" नाव पडलं. विभागातल्या काहींनी ते सरांच्या तोंडावर वापरलं. सर म्हणायचे, "हाव, बोला."

पीएच.डी. झाल्यावर मी बंगळूरच्या एका कंपनीत मुलाखतीला गेलो. पडद्यांसाठी अशाच फिल्म बनवणारी कंपनी. समोर तिघं बसलेले. एकाने माझ्या प्रबंधाचं नाव वाचलं आणि हसायलाच लागला. दुसऱ्याला म्हणाला, हा त्या कूलरवाल्या लॅबचा. माझे कान तापले. मी ताठ बसून म्हणालो की होय, मी त्याच लॅबचा, आणि तो पेपर मला तोंडपाठ आहे.

हसणाऱ्याने हात वर केला. "गैरसमज नको," तो इंग्रजीत म्हणाला. "ह्या विषयावरचे पंधरावीस पेपर आम्ही इथे करून बघितले. लिहिल्याप्रमाणे केल्यावर पहिल्या फटक्यात जमला तो तुमचाच. आम्ही बाजारातून कूलर आणला होता." पुढे त्यांनी मला काय काय विचारलं ते आठवत नाही. माझं लक्षच उडालं होतं.

बाहेर पडून मी समोरचा एसटीडी बूथ गाठला. शनिवार होता, म्हणजे सर अकोल्याला. फोन त्यांनीच उचलला.

"नोकरी लागली काय बे?"

"ते माहीत नाई सर. पन त्यायनं आपली फिल्म करून पाह्यली. कूलर आनून."

"हसले काय?"

"पहिले हसले."

"मंग?"

"पहिल्याच फटक्यात आला, सर."

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला, आणि पुढची काही मिनिटं, फोन ठेवायचं भान नसलेले आमचे सर आईला, बाईंना, बहुतेक शेजाऱ्यांनाही हाका मारत घरभर फिरताना मी बंगळूरच्या त्या बूथमध्ये उभ्या उभ्या ऐकत राहिलो.

"अवो, इकडं या! त्यायच्याकडं बी आला! बंगलोरात आला!"